तोंड पाहून मूठ

आमच्या शाळेतली खिचडीमावशी तांदूळ कधी मापाने घेत नसे, तोंडं पाहून घेत असे. सकाळी मुलं प्रार्थनेला रांगेत उभी राहिली की ती स्वयंपाकखोलीच्या दारात यायची आणि कमरेवर हात ठेवून पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवायची. कोण आलंय आणि कोण नाही हे आम्ही गुरुजी लोक पाहायचो. कोण उपाशी आलंय हे मावशी पाहायची. मग आत जाऊन ती तांदळाच्या कोठीत हात घाली. "आज तोंडं लई सुकेल हायेत," असं पुटपुटत दोन मुठी वाढवी. आदल्या दिवशी गावात कुणाच्या घरी लग्न-बारशाचं जेवण झालेलं असलं, तर "काल हादडलंय मेल्यांनी," म्हणून एक मूठ परत कोठीत टाकी. शाळेत तराजू नव्हता असं नाही. होता, पण त्याच्या एका पारड्यात मावशीच्या मिरच्या वाळत असत.

तिचा अंदाज दरवेळी खरा ठरे असंही नाही. पोरं महाबिलंदर. ज्या दिवशी खिचडीबरोबर गोड शिरा असे, त्या दिवशी अख्खी चौथी प्रार्थनेला गाल आत ओढून, डोळे अर्धे मिटून उभी राही. 'खरा तो एकची धर्म' म्हणायच्या जागी नुसता उसासा ऐकू येई. मावशी फसायची. मग शिरा उरायचा, आणि तो खाऊन खाऊन पोट धरून बसलेली पोरं वर्गात माझ्या वाट्याला यायची. मी तक्रार केली की ती म्हणे, "फसले तर फसले. भुकेलं पोरगं आन भुकेचं सोंग घेतलेलं पोरगं, दोघं बी खातेतच न्हवं?"

गावात तिचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. पगाराच्या कागदावर गयाबाई. बाकी लहानथोरांना ती खिचडीमावशी. अंगाने एवढीशी, इतकी की जर्मनच्या मोठ्या पातेल्यात पळी फिरवायला ती चार विटा रचून त्यावर उभी राही. आवाज मात्र तीन गल्ल्या ओलांडून जाणारा. जेवणाची सुट्टी झाली की शिपायाने घंटा द्यायच्या आत ती पातेल्यावर पळी आपटायची, आणि पोरं घंटेपेक्षा त्या पळीवर जास्त विश्वास ठेवायची. जिभेने तिखट, रागाला जवळ. एकदा एका मुलाने ताटातलं गाजर वेचून बाजूला काढलं, तेव्हा तिने ते उचलून त्याच्या कानावर अडकवलं आणि सुट्टी संपेपर्यंत काढू दिलं नाही.

पण सगळ्यांत मोठा सोहळा होता पहिल्या घासाचा. शाळेत शिजवलेलं अन्न मुलांना वाढण्याआधी स्वयंपाकिणीने चाखावं आणि मग गुरुजींनी, असा नियमच आहे. बाकी शाळांमध्ये तो कसाबसा उरकला जातो. आमच्या मुलांनी मात्र त्याचं व्रत करून टाकलं होतं. सगळ्यांची ताटं वाढून झाली तरी कुणी हात लावत नसे. मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, सगळी ओसरी मावशीकडे पाहत बसे. मावशी मधल्या खांबाला टेकून आपलं ताट घेऊन बसायची. एक घास घ्यायची, डोळे मिटून चावायची आणि मग उजवा हात वर करून म्हणायची, "बराबर हाय. घ्या, लेकरांनो." त्यानंतर माझा घास, पण तेवढ्यात निम्म्या मुलांची ताटं अर्धी झालेली असत. पहिलीत नव्याने आलेल्या एका पोराने विचारलं होतं, आधी मावशीच का खाते? चौथीतल्याने त्याला समजावलं, "अरं, आधी मावशी खाती. तिला काई झालं न्हाई, की मंग आपुन." हे ऐकून मावशी खांबाला डोकं टेकवून हसत सुटली होती.

ती दिवसातून एकदाच नीट जेवायची, ते शाळेत. घरी एकटीच. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, एकुलती मुलगी मंगल हट्टा नावाच्या गावी दिलेली. सोबत म्हणाल तर एक शेळी. संध्याकाळी ती काय खाते असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "रातीला भूकच लागत न्हाई, गुरुजी. मी काय एका तोंडानं जेवते व्हय? दुपारी सव्वाशे तोंडांनी जेवून घेते."

हे बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. नंतर कळलं की ती अगदी खरं सांगत होती.

मी लातूरकडचा. नोकरीने मला कुरुंद्याच्या बाजारावर जगणाऱ्या या गावात आणून टाकलं. लग्न व्हायचं होतं. मावशीच्याच गल्लीत, अगदी टोकाला, एक खोली भाड्याने घेतली होती आणि त्या खोलीत चहासुद्धा करायचा नाही असा माझा बाणा होता. सकाळी फाट्यावरच्या हॉटेलात पोहे, दुपारी शाळेची खिचडी, संध्याकाळी त्याच हॉटेलात मिरची-भजी आणि कधीमधी मेस. जीवन सुखात चाललं होतं.

मग लॉकडाऊन आलं. फाट्यावरचं हॉटेल बंद, बस बंद, शाळा बंद. गावाने आपल्या तिन्ही वाटांवर बाभळीचे काटे आणून टाकले. मी निघायचं म्हणेपर्यंत निघण्याची सोय उरली नव्हती. खोलीत एक पातेली, एक चमचा आणि अर्धा पुडा साखर. पहिले काही दिवस मी केळ्यांवर काढले. केळी गावात उदंड झाली होती. ट्रक यायचे थांबले म्हणून घड शेतातच पिकून पडत होते, आणि शेतकरी बैलगाडी भरून आणून गल्लीच्या तोंडाशी ओतून जात होते. घरोघरी सकाळी केळं, दुपारी शिकरण, रात्री केळ्याची भाजी. जनावरंसुद्धा कंटाळली.

माणसांच्या खाण्याला तेव्हा काही धरबंद राहिला नव्हता. बाजार बंद झाल्यावर पावाच्या आणि फरसाणाच्या जागी ज्वारीची भाकरी परत आली, हे चांगलं झालं. पण पुण्याहून परतलेली तरणी पोरं दुपारी बाराला उठत, तीनला मोबाइलमध्ये बघून पाणीपुरी तळत आणि रात्री अकराला भूक लागली म्हणून चुलीवर नूडल्स शिजवत. हळद काढून, शिजवून वाळत टाकलेली होती. कुणी सांगितलं की हळदीने रोग पळतो, मग सकाळ-संध्याकाळ हळदीचा काढा सुरू झाला. माझ्या घरमालकाचे ओठ कायम पिवळे असायचे. कोण कधी जेवतो, कोण कुठे बसून जेवतो, कुणाचा पत्ता कुणाला नसे. दारं लावून जो तो आपापल्या ताटाशी.

आणि मावशी? शाळा बंद झाल्यावर चार-पाच दिवसांनी तिने घरासमोर चूल पेटवली. शाळेच्या वेळेला. मंगलच्या लग्नातलं मोठं पातेलं माळ्यावरून काढलं आणि स्वतःच्या रेशनच्या तांदळाची खिचडी टाकली. शिजल्यावर पातेल्यावर पळी आपटली. गल्लीतली पोरं सवयीने धावत आली, आणि तितक्याच झपाट्याने त्यांच्या आया मागून आल्या आणि दंड धरून त्यांना मागे घेऊन गेल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. लोक भ्यालेले होते, दुसऱ्याच्या हातचं पाणी घ्यायला धजत नव्हते. समोरच्या घरातल्या शेवंताकाकू तेवढ्या बोलल्या, "मावशी, राग धरू नका. दिवस वाईट हायेत."

"व्हय, व्हय," मावशी म्हणाली. "बराबर हाय."

ते पातेलं पुढे शेळीने खाल्लं. तिचं पोट फुगलं, तिला तेल पाजावं लागलं. त्यानंतर मावशीच्या अंगणातून धूर निघालेला मी पाहिला नाही.

पुढे वरून सूचना आली की शिजवलेली खिचडी नाही, तर कोरडा शिधा पालकांना वाटावा. शाळेच्या अंगणात चुन्याची वर्तुळं आखून आम्ही एकेकाला उभं केलं आणि तांदूळ, मूग मोजून दिले. मावशी मदतीला आली होती. तोंडाला पदर बांधून ती पोत्याजवळ बसली होती. पिशव्या भरून भरून पालक निघून जात होते, आणि ती प्रत्येक पिशवीकडे लेक सासरी निघाल्यासारखी बघत होती. मध्येच म्हणाली, "तांदूळ चालला, गुरुजी. तोंडं न्हाई आली." उठायला गेली आणि तोल जाऊन खांब धरून खाली बसली.

मी धावत गूळ-पाणी आणलं. तिच्या मनगटावरच्या बांगड्या पार कोपराकडे घसरल्या होत्या.

"काय खाल्लं सकाळी?"

"उपास हाय."

"आज कसला उपास?"

"कसला का असंना. म्हाताऱ्या बाईला रोजच काही ना काही असतंय."

त्याच संध्याकाळी मंगलचा फोन आला. मंगल रडवेली होती. "गुरुजी, आईला कवा बी इचारा, जेवले म्हणती. आवाजच सांगतोय की जेवली न्हाई. मला वाटंवरून कुणी येऊ देईना. तुमी जरा पाहून राहा ना तिच्याकडं."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या ओट्यापासून चार हात लांब उभा राहिलो. दार उघडं होतं, आत चूल दिसत होती, आणि चुलीत शेळीचं करडू अंग मुडपून झोपलं होतं.

"मावशी, चूल पेटवली नाही?"

"पेटवते की."

"करडू झोपलंय चुलीत."

"त्याला तिथं ऊब लागती."

"गार राखेत?"

ती हसली. मग हसू तसंच अर्धवट ठेवून म्हणाली, "करू काय, गुरुजी? कोठीत हात घातला की मूठच उचलत न्हाई. कुणाचं तोंड पाहून टाकू?"

"आरशात पाहा," मी आपला विनोद केला.

"आरशात भूक दिसती व्हय? आरशात म्हातारी दिसती."

मला शहाणपण सुचलं. म्हटलं, माझीही जेवणाची आबाळ आहे. मावशी, तुम्ही दोघांपुरती खिचडी टाका, माझा डबा उंबऱ्याबाहेर ठेवा, मी घेऊन जाईन. ती लगेच तयार झाली. "तुमचं तोंड तर गावात आले तवापासून सुकेल हाय," म्हणाली. मला वाटलं, झालं काम. माझ्या निमित्ताने तीही खाईल.

पहिल्या दिवशी डबा आला तो चार माणसांचा. आणि खारट! घास तोंडात फिरेना. एवढ्याशा भातात तिने सवयीने शाळेच्या पातेल्याएवढं मीठ टाकलं होतं. मी पाणी पीत पीत कसाबसा खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही, डबा परत ठेवताना म्हटलं, "मावशी, मीठ जरा जास्त झालं होतं."

"व्हय का?" ती चकित झाली. खरंच चकित झाली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"तुम्ही चव घेतली नव्हती?"

ती डब्याचं झाकण पदराने पुसत राहिली.

"तीन दिवसांत एकदाही?"

"कुणासाठी घेऊ?" ती शांतपणे म्हणाली. "तुमी थांबणार व्हते व्हय माझ्या घासासाठी? तुमी मोठे हाव. तुमाला भूक लागली की तुमी खाता. लेकरं थांबत व्हती."

मी माझ्या दारात ताट घेऊन बसायचं, तिने तिच्या दारात बसायचं, तिने घास घेतल्यावरच मी जेवायचं, असाही प्रयोग आम्ही केला. ती दोन शितं जिभेवर ठेवायची, हात वर करायची आणि ताट घेऊन आत जायची. ते ताट नंतर शेजारच्या कोंबड्यांपुढे दिसायचं. म्हाताऱ्या माणसाला जेवायला लावणं शुद्धलेखन शिकवण्यापेक्षा अवघड आहे, हे मी तिथे शिकलो. मंगलला फोनवर काय सांगावं हे मला कळेना. रोज ती विचारायची, रोज मी म्हणायचो, "जरा बरं आहे." आणि रोज मावशीच्या बांगड्या आणखी वर सरकत होत्या. मला भीती वाटू लागली होती. गावात तोवर एकाही घरात रोग शिरला नव्हता, आणि आमच्या गल्लीत एक बाई भरल्या कोठीशेजारी उपाशी मरणार होती.

मार्ग निघाला तो शेवंताकाकूंच्या सुनेमुळे. संगीता तिचं नाव. तिची दोन पोरं शाळेतली. ती घरच्या खिचडीला तोंड लावेनात. "शाळेतल्यासारखी न्हाई," एवढंच म्हणत. शेवटी संगीता कातावली. एका सकाळी तिने आपल्या अंगणात, गल्लीच्या कडेलाच चूल मांडली आणि समोरच्या ओट्यावर बसलेल्या मावशीला हाक मारली, "मावशी, तुमी तिथूनच सांगा, मी करते. बघू तुमची ती शाळेची खिचडी."

मावशी ओट्याच्या कडेला आली. कितीतरी दिवसांनी तिच्या कमरेवर हात दिसला. "तेल टाक. जिरं तडतडू दे. हळद घाल, आपल्याकडं का कमी हाय? हां, आता तांदूळ."

गल्लीत एवढं घडतंय म्हटल्यावर महिनाभर कोंडलेली पोरं बाहेर आली. आयांनी दटावल्यामुळे कुणी आपलं घर सोडलं नाही. पण कुणी उंबऱ्यावर, कुणी भिंतीवर, कुणी पायरीवर, कुणी पत्र्यावर, अशी दोन्ही बाजूंनी तोंडंच तोंडं दिसू लागली.

"टाक मूठ," मावशी म्हणाली. "आजून एक. आजून. आजून दोन टाक."

"मावशी, आमी घरात सहाच जण हाव!"

"टाक म्हणते न्हवं? आजून एक."

मी माझ्या दारातून पाहत होतो. मावशी संगीताकडे पाहतच नव्हती. तिची नजर गल्लीच्या एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकापर्यंत जात होती, सावकाश, एकही तोंड न गाळता. प्रार्थनेच्या वेळी जायची तशी. मला ओरडून संगीताला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. काय चाललं आहे हे त्या गल्लीत एकट्या मला कळलं होतं.

भात फुगू लागला तसा चुलीवरचा गंज काठोकाठ भरला. अर्धा काढून दुसऱ्या गंजात घातला, तोही भरला. मग घरातलं पाणी तापवायचं भगुणं आलं. संगीता रडकुंडीला आली. त्या दिवसांत तांदळाचा दाणाही मोलाचा. "आता हे एवढं खाईल कोण?"

उत्तर शेवंताकाकूंनी दिलं. पोरांचे दंड धरून नेणाऱ्यांत त्याच पुढे होत्या. त्यांनी गल्लीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "खाईल कोण काय? इतके जण वाट पाहून राहिलेत, दिसत न्हाई का? अय पोरांनो, आपापल्या घरून ताटं आणा, आन उंबऱ्यावर ठिवून मागं सरका."

संगीताने तोंडाला पदर गुंडाळला, हात साबणाने धुतले आणि लांब दांड्याच्या पळीने प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन वाढलं. पोरं ताटाशी बसली. मांडी घालून, हात गुडघ्यांवर. आणि बसूनच राहिली.

"खा की रे!" आया ओरडू लागल्या. "गार होऊन राहिली!"

कुणी हलेना. मग पहिलीतली एक चिमुरडी आपल्या उंबऱ्यावरून गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मावशीचं ताट कुठंय?"

संगीताने एक ताट भरून मावशीच्या ओट्यावर ठेवलं आणि मागे सरली. मावशी बसली. खांब नव्हता, दाराच्या चौकटीला टेकली. तिने घास घेतला, डोळे मिटले, चावायला सुरुवात केली. चावतच राहिली. फार वेळ लावला. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं तेव्हा पोरं घाबरली. शेवटी हात वर झाला.

"मीठ कमी टाकलं, संगीता," ती म्हणाली. "पर बराबर हाय. घ्या, लेकरांनो."

तिने ते ताट संपवलं, बोटं चाटली आणि परत मागून घेतलं. मावशीला दुसऱ्यांदा घेताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी मंगलला फोन लावला आणि काही न बोलता तो गल्लीकडे धरला. पळ्यांचा, ताटांचा, पोरांचा गलका तिला ऐकू गेला असणार. "आई जेवून राहिली?" तिने विचारलं. मी नुसतं "हूं" म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीला वळण लागलं. एवढी खिचडी रोज कोण करणार? तेव्हा ज्याने त्याने आपापल्या घरचं ताट आणायचं, शाळेच्या जेवणाच्या वेळी आपापल्या उंबऱ्यावर बसायचं आणि मावशीच्या घासासाठी थांबायचं, असं पोरांनीच ठरवलं. हळूहळू आया बसू लागल्या, मग बाप. पुण्याहून आलेली पोरं नूडल्सची ताटली घेऊन अर्धवट झोपेत का होईना, पण वेळेवर बसू लागली. रिकामी दुपार काढायला तेवढंच निमित्त होतं, हेही खरं. गावसमितीचा एक माणूस गर्दी जमली म्हणून दरडावायला आला होता. त्याने पाहिलं, प्रत्येक जण आपल्याच दारात होता. तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या गल्लीत असं काई न्हाई बुवा." आणि जेवायला घरी गेला.

मावशीची चूल पेटू लागली. करडाला दुसरी जागा शोधावी लागली. एकटीपुरता भात करायला ती त्या वयात शिकली. कसा जमला, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुमची समद्यांची तोंडं पाहते, आन मूठ टाकताना बोटं ढिली सोडते. सांडेल ते तुमचं, हातात राहील ते माझं."

त्याच काळात माझं लग्न झालं, मोजक्या माणसांत. परत आल्यावर बायकोला मावशीच्या पाया पडायला नेलं. "एवढ्याशा माणसांत लगीन? तेवढी तर नुसत्या पत्रावळ्या उचलायला लागतेत!" असं म्हणून तिने हळहळत बायकोचं तोंड निरखलं आणि तिच्या ओटीत तांदळाच्या मुठी घातल्या. पाच घालायच्या असतात. तिने सात घातल्या. बायको म्हणाली, पुरे. मावशी म्हणाली, "तुला काय म्हाईत, तुज्या तोंडावर काय लिवलंय."

पुढे शाळा उघडली, पातेलं परत चुलीवर चढलं. मावशी आता चारऐवजी पाच विटांवर उभी राहायची. पाठ वाकली होती. मग माझी बदली डोंगरकडा गावाच्या बाजूला झाली. शेवटच्या दिवशी प्रार्थनेला मी नेहमीसारखा रांगांपुढे उभा होतो. मावशीची नजर रांगांवरून फिरत आली आणि माझ्यावर थांबली. ती आत गेली. त्या दिवशी खिचडी बरीच उरली. निघताना गाडीवर बसलो, तेव्हा तिने मागून शर्ट ओढला. "गुरुजी, तिकडं एकटे बसून जेवू नका. चव कळत न्हाई."

नव्या शाळेत गॅस आहे, भांडी चकचकीत आहेत आणि स्वयंपाक करणारी ताई तांदूळ मापाने घेते. तिचं काही चुकत नाही. पण प्रार्थना चालू असताना माझे डोळे आपोआप रांगांवरून फिरतात. मावशीसारखं मला वाचता येत नाही. एखाद-दोन तोंडं मात्र कळतात. मग मी ताईला हळूच सांगतो, आज मूठभर जास्त टाका.

गेल्या हिवाळ्यात सकाळी मंगलचा फोन आला. मावशी झोपेतच गेली होती. आदल्या दिवशी शाळेत जेवली होती, हे मंगलने दोनदा सांगितलं.

तेराव्याला मी गेलो. तिचं घर पुरणार नाही म्हणून पंगत शाळेच्या ओसरीवर मांडली होती. वरण, भात, पुरी, शिरा सगळं होतं. पण मंगलच्या हट्टामुळे आधी खिचडी वाढली गेली. ती संगीताने केली होती. आमच्या गल्लीतली पोरं एका रांगेत बसली होती. चांगली मोठी झाली होती; एकाला मिसरूड फुटलं होतं, ती चिमुरडी आता चौथीत होती. मधल्या खांबापाशी कुणी बसलं नव्हतं. कुणी बसू नका म्हणून सांगितलंही नव्हतं.

वाढून झालं. म्हातारी माणसं म्हणाली, "घ्या, चालू करा." पोरांचे हात गुडघ्यांवर होते. मागच्या रांगांतही मग कुणी ताटाला हात लावेना.

"आरं, काहून बसलेत?" एक आजोबा चिडले. "भात गार होऊन राहिला!"

संगीता बादली हातात धरून मधोमध उभी होती. तिने खांबाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि मग ती माझ्यापुढे आली.

"गुरुजी, तुमी घ्या," ती म्हणाली. "नियमच हाय की. मावशीच्या मागून गुरुजी."

मी ताट उचललं आणि खांबापाशी जाऊन बसलो. सगळी ओसरी माझ्याकडे पाहत होती. मी घास घेतला, डोळे मिटले, चावू लागलो. मीठ कमी होतं की जास्त, हे मला आजही सांगता येणार नाही. घास खाली उतरायला फार वेळ लागला. पोरं थांबली होती.

मी हात वर केला. "बराबर हाय," म्हणालो. "घ्या, लेकरांनो."